पिवळ्यांनी तह का मोडला

मॅट्रिकला गणितात नापास झाले त्या वर्षी मी तीन ग्रहांचं युद्ध चालवत होते. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. ऑक्टोबरच्या परीक्षेला अवकाश होता आणि घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. ते ओरडले असते तर मीही उलट बोलून मोकळी झाले असते. पण ते जेवताना माझ्याकडं न बघता आमटी वाढ म्हणायचे, आणि त्याचा मला जास्त राग यायचा. राग मला तेव्हा कशाचाही यायचा, आताही येतो.

आम्ही मूळचे माढ्याकडचे, पण राहायचो सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चाळीत. दहा खोल्या, मधे फरशी घातलेलं अंगण, एका कोपऱ्यात नळ आणि मधोमध कडुलिंबाचं झाड. आमची खोली सोडली तर बाकी सगळी घरं तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची. पुरुष मागावर जायचे आणि बायका विड्या वळायच्या. सकाळी कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू घेऊन यायच्या, दुपारभर लिंबाखाली मांडीवर सूप घेऊन बसायच्या. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. हात गुंतलेले, डोळे सुपात, कान तेवढे रिकामे. त्या रिकाम्या कानांसाठी मला बोलावलं गेलं.

बोलावणारी होती अक्का. अक्का म्हणजे तेलुगूत थोरली बहीण. सगळी चाळ तिला अक्काच म्हणायची, तिच्याहून वयानं मोठ्या बायकासुद्धा. चाळिशीची, हाडापेरानं रुंद, आणि आवाज असा की नळ सुटला हे तिनं एकदा सांगितलं की पलीकडच्या चाळीतल्या बायकाही घागरी घेऊन निघायच्या.

"शिकल्याली हायस नव्हं तू? मग दारात बसून काय करतीस? वाच की कायतरी आमाला."

"मी नापास झालेय," मी फणकारले.

"गणितात झालीस. वाचण्यात झालीस का?"

वडिलांनी वाचनालयातून आणलेलं एक मासिक घरात होतं, ते घेऊन मी लिंबाखाली बसले. त्यात एक विज्ञानकथा होती. दोन लहान ग्रहांवरचे लोक एका बलाढ्य तिसऱ्या ग्रहाविरुद्ध तह करतात, एकावर हल्ला झाला तर दुसऱ्यानं धावून जायचं अशी शपथ घेतात, आणि नेमकं तिथंच 'क्रमशः' लिहिलेलं. पुढचा अंक वाचनालयात आलाच नाही. बायका मात्र रोज विचारायच्या, पुढं काय झालं? शेवटी मी सकाळी घरी बसून पुढची गोष्ट स्वतःच लिहायला लागले. पानं त्या जुन्या मासिकात घालायची आणि छापलेलं असल्यासारखी वाचायची. खोटं बोलते आहे असं मला वाटलं नाही. छापलेलं असलं की लोक मान देतात, पोरीनं लिहिलेलं असलं की हसतात, एवढं मला कळत होतं.

ग्रहांची मूळ नावं चार-चार जोडाक्षरांची होती. ती बायकांनी पहिल्याच दिवशी बाजूला सारली. दोन मित्र झाले निळे आणि पिवळे, आणि बलाढ्य शत्रू काळे. त्यानंतर त्यांनी माझ्या राजकारणाच्या चिंध्या करायला घेतल्या.

पहिला वाद सोयरिकीवरून झाला. सगळ्यांत म्हातारी जी बाई होती तिनं विचारलं, "निळ्या-पिवळ्यांच्यात लग्नं हुत्यात का?"

"कशी होतील? निळे पाण्यात राहतात. पिवळे कातडीनं श्वास घेतात."

"मग तह कुणाच्या जिवावर केला? उद्या मोडला तर रडायला कोण येनार?"

तह कागदावर होतो, त्यावर सह्या असतात, असं मी तिला जरा चढ्या आवाजात समजावलं. "कागदावर आमचा बी अंगठा हाय की कारखान्यात," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की एकीच्या सुपातली तंबाखू उडाली. मी मासिक मिटून घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी निळ्यांची एक मुलगी पिवळ्यांकडं नांदायला गेली होती. श्वासाचं काय ते मी कसंबसं जुळवून घेतलं.

दुसरा वाद काळ्यांवरून. त्यांना लढायचंच का आहे? मी लिहिलं होतं की त्यांच्या आकाशात तीन सूर्य आहेत, पण ग्रहावरचा धातू संपला, म्हणून त्यांना या दोघांचे डोंगर हवेत. हे कुणालाच पटेना. तीन सूर्य असलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग आमच्या शेजारची, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी, जी एरवी तोंडातून शब्द काढायची नाही, ती म्हणाली, "काळ्यांना कमी काय बी न्हाय. ह्ये दोघं जवळ बसून हळू बोलत्यात. त्यांना ऐकू येत न्हाय. म्हनून."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कारखान्यात पानं वाटणारा मुनीम होता, तो रांगेत दोघी कुजबुजताना दिसल्या की एकीला पुढं आणि एकीला मागं उभं करायचा. कशासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. मी घरी जाऊन धातू खोडला. पुढं आयुष्यात मी युद्धांबद्दल पुष्कळ वाचलं, पण या कारणाहून खरं वाटणारं कारण मला फार वेळा सापडलं नाही.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. लिंबाखाली आठ जणी बसायच्या. नववी शेवटच्या खोलीच्या पायरीवर, आमच्याकडं पाठ करून एकटी बसायची. ती अक्काची सख्खी धाकटी बहीण. एकाच चाळीत दोन खोल्यांत दोघी नांदत होत्या आणि चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. अक्काला मूलबाळ नव्हतं. धाकटीची सहा वर्षांची मुलगी होती, ती दोन्ही घरी जेवायची, आणि तिची वेणी रोज सकाळी अक्काच घालायची. धाकटीला काही सांगायचं असलं की अक्का त्या पोरीला सांगायची, "तुज्या आईला म्हनावं, नळ सुटलाय." आई चार हातांवर घागर घेऊन उभी असायची. पोरगी मान वळवून म्हणायची, "अम्मा, नळ सुटलाय." अंगणात कुणाला यात विचित्र वाटत नव्हतं. मलाही नाही. भांडण कशाचं हे मी कधी विचारलं नव्हतं, मला माझंच दुःख पुरत होतं.

तर गोष्टीत आता फंदफितुरी हवी, असं मी ठरवलं. त्याशिवाय युद्धाला रंग चढेना. काळ्यांनी पिवळ्यांना गुपचूप निरोप पाठवला, निळ्यांना सोडा, तुम्हाला एक अख्खा चंद्र देतो. पिवळ्यांना मोह पडला आणि त्यांनी तह मोडून काळ्यांना वाट दिली. निळे एका रात्रीत हरले. मी हे फार चवीनं लिहिलं होतं आणि तितक्याच चवीनं वाचलं.

वाचून झालं. मग अक्काचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, आणि तोंड पायरीकडं करून. "व्हय. आसंच आसतंय पिवळ्यांचं. चंद्र दाकवला की झालं."

पायरीवरची धाकटी सूप घेऊन उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाऊस लांबलेल्या जूनमधल्या सोलापुरात दुपारी दार लावून कुणी बसत नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना आईनं मला सगळं सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी विडीवाल्या बायकांनी संप केला होता. मुनीम चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला काढायचा आणि पैसे न देता ठेवून घ्यायचा, त्यावरून. अक्का पुढं होती. घरोघर फिरून तिनं सगळ्यांकडून पानं न उचलण्याची शपथ घेतली होती, पहिली शपथ धाकटीची. पंधरा दिवस कारखान्याचं फाटक ओस होतं. सोळाव्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, धाकटी एकटी फाटकातून आत गेली आणि पानं घेऊन बाहेर आली. सख्खी बहीणच गेली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दहा गेल्या. चार दिवसांत संप संपला.

"आणि तू तेच भर अंगणात वाचून दाखवलंस, शहाणे," आई म्हणाली.

आई पुढं म्हणाली की धाकटीच्या नवऱ्याला भिवंडीला पॉवरलूमवर काम मिळालंय, आठ-दहा दिवसांत ते बिऱ्हाड हलवणार आहेत. दोघींचे आईबाप कधीच गेलेले. माहेर म्हणून एकीला दुसरी, एवढंच. "अशी न बोलता गेली की मग संपलंच," आई म्हणाली. "ही तिकडं जायची नाही आणि ती इकडं यायची नाही."

मी मोडलेलं मीच जोडणार, असं मी त्या दिवशी ठरवलं. सतराव्या वर्षी स्वतःवर भलता विश्वास असतो. दुसऱ्या दिवशीच्या भागात काळ्यांचा राजा मेला, पिवळे रडत परत आले, निळ्यांनी त्यांना मिठी मारली आणि दोन्ही ग्रहांवर पुरणपोळ्या झाल्या.

वाचून वर पाहिलं तर सगळ्या विड्या वळत होत्या. अक्का म्हणाली, "खोटं हाय."

"छापलंय तसं वाचलं," मी म्हटलं.

"इतकी वरसं तोंड बघितलं न्हाय आनि एका दुपारी गळ्यात पडले? का? मधी काय झालं? काय तरी झाल्याबिगर आसं हुतंय व्हय? आनि छापल्यालं वाचताना पेन्सिलीनं खोडतंय का गं कुनी?"

मी वाचता वाचता शब्द बदलायचे, ही माझी सवय माझ्याच ध्यानात आली नव्हती. अक्काला तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दिसत तर होतं. "मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ किंचाळले. नवी नवरी हळूच म्हणाली, "बोललो असतो तर तू लिवणं सोडलं असतंस." मी सांगितलं की आता सोडलंच, आणि तरातरा घरी आले. उशीत तोंड खुपसून रडलेसुद्धा. त्या इतके दिवस माझीच गोष्ट आवडीनं ऐकत होत्या, हे त्या रडण्यात मला सुचलंच नाही.

पाच दिवसांनी सकाळी मी नळावर एकटी होते. धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याशी ती त्याआधी कधी बोलली असेल असं आठवत नाही.

"दुपारी वाचनार का न्हाईस?"

"नाही. सोडलं मी."

"वाच. पिवळ्यांचं तू चुकीचं लिवलंस." तिनं घागर नळाखाली सरकवली आणि घागरीकडं बघतच सांगत गेली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तापानं डोळे पांढरे करत होती. दवाखान्यात खाट मिळेना, तो दुष्काळाचा काळ, सगळीकडं माणसंच माणसं. अक्का संपासाठी पहाटेपासून बाहेर. मुनीम दारात आला आणि म्हणाला, मालकांची चिठ्ठी असली तर आत्ता खाट मिळेल. फक्त तू फाटकातून आत यायचं, सगळ्यांना दिसेल असं. "त्यांना माज्या विड्या नको हुत्या," धाकटी म्हणाली. "अक्काची भैन आत गेलेली लोकांनी बगावी, येवडंच पायजे हुतं." घागर भरून पाणी वाहायला लागलं होतं. घागर डोक्यावर घेताना ती म्हणाली, "माजं म्हनून वाचू नगंस. पिवळ्यांचं म्हनून वाच."

घरी जाऊन लिहिलं तर एकच पान झालं ते. खोडाखोड एकही नाही. दुपारी मी मासिक न घेता, नुसतं ते पान घेऊन लिंबाखाली बसले. कुणी चिडवलं नाही. धाकटी पायरीवर होती, पाठ करून. पिवळ्यांचं एक पिल्लू आजारी होतं, मी वाचलं. औषध काळ्यांकडंच होतं. काळ्यांना पिवळ्यांचं सैन्य नको होतं. निळ्यांचे जिवलग वेशीतून आत येताना साऱ्या आकाशानं पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पिवळ्यांनी चंद्र मागितला नाही आणि कुणी दिलाही नाही.

कात्र्यांचा आवाज एकेक करत थांबला. आठ जणींचे हात एकदम रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले.

मग अक्का माझ्याशी बोलली, पण इतक्या हळू की तिचाच आवाज आहे असं वाटेना. "लिव्ह तू. निळ्यांना राग तह मोडल्याचा न्हाय आला. तसा राग चार दिसात जातोय. राग आला तो ह्येचा, की त्यांना सांगितलं न्हाय. येका शब्दानं सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर निळे सोता गेले असते त्या फाटकातनं. शपथ गेली खड्ड्यात. पोरगी त्यांची बी हुती."

पिल्लू म्हणायचं होतं तिला. कुणी दुरुस्त केलं नाही.

"म्हनून तर सांगितलं न्हाय."

आवाज पायरीवरून आला. धाकटीची पाठ अजून आमच्याकडंच होती. मग ती वळली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिनं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं.

"तू गेली असतीस, अक्का. मला ठाव हुतं, तू गेली असतीस. मग ह्या बायांनी तुला लिंबाखाली बसू दिलं असतं का? मी हितं पायरीवर बसले तरी माजं भागतंय. तुजं भागलं नसतं."

लिंबाखालच्या बाकी साऱ्या जणी मान खाली घालून बसल्या. चार वर्षं धाकटीला पायरीवर बसवणाऱ्या त्याच होत्या, आणि ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. हातातलं पान मी कधी चुरगाळलं ते समजलं नाही. आजही कुणी शत्रू-मित्रांच्या डावपेचांबद्दल, कोण कुणाला का सोडून गेलं याबद्दल खात्रीनं बोलायला लागलं, की मी गप्प बसते. मलाही तेव्हा खात्रीच होती. मी चंद्र लिहिला होता.

अक्कानं सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, अंगण ओलांडून गेली आणि पायरीवर धाकटीच्या शेजारी बसली. त्यानंतरचं सगळं बोलणं तेलुगूत झालं. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही, आणि ज्यांना कळत होतं त्यांनी मला सांगितलं नाही. आधी धाकटी बोलत होती, मग अक्का, मग दोघी एकदम. एकदा अक्का रागावलीसुद्धा, तिचा तो नेहमीचा आवाज चढला आणि धाकटीनंही तेवढाच चढवला. धाकटीचा आवाजही तितकाच मोठा आहे, हे आम्हाला त्या दिवशी समजलं.

बिऱ्हाड हलायला तेव्हा तीन दिवस उरले होते. त्या तीन दिवसांत त्या दोघींनी अंगणात दुसऱ्या कुणाला बोलू दिलं नाही.